छताआडची होडी

प्रिय शफीक,

सलाम. तुझ्या फोनने माझा नंबर नऊ वर्षांपूर्वीच अडवून ठेवलाय, म्हणून हा कागद. आमचा ड्रायव्हर हरिदास तो तुझ्या बिन महमूद भागातल्या फ्लॅटवर आणून देईल. त्याच्यावर चिडू नकोस, त्याला यातलं काही ठाऊक नाही. मी दोहात परत आलोय, दुसऱ्या कंपनीत. बिरकत अल अवामेरच्या कामगार वस्तीत राहतो. घरवाली ताहेरुन्निसा गावी बरी आहे. तुझं नाव आमच्या घरात निघत नाही.

गेल्या आठवड्यात कंपनीने मला एका व्हिलातल्या तळघराचं छत दुरुस्त करायला अबू हमूर भागात पाठवलं. गेट पाहिलं आणि ओळखलं. तोच व्हिला. २०१६ साली तळघरावर लाकडी फ्लोअर आपण दोघांनीच टाकला होता. दोन तुळयांच्या मधे तिरके दांडे फुलीसारखे ठोकायचे, म्हणजे तुळया पिळत नाहीत, वर माणसं चालली तरी खालचं छत तडकत नाही, हे तुझ्या अब्बांनी आपल्याला मिसरूड फुटायच्या आधी शिकवलेलं. मी तिन्ही ओळी ठोकल्या होत्या. महिन्याभरात छताचा जिप्समचा बोर्ड तळघरातल्या जेवणाच्या टेबलावर कोसळला. नसरुद्दीनने दांडे ठोकलेच नाहीत, असं तू मॅनेजरसमोर म्हणालास. वर चढून कुणी पाहिलं नाही. नवा बोर्ड बसला, मला कामावरून काढलं, आणि आठ दिवसांत मी गावच्या विमानात बसलो.

गावी गेल्यावर पहिल्यांदा अब्बांकडे गेलो. त्यांनी बसायला सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, हात माझा आणि लबाडी कुठून शिकलास? त्यानंतर ते तीन वर्षं जगले. मयताला मी होतो, पण खांदा द्यायला पुढे झालो तेव्हा तुझ्या चुलत्यांनी मला बाजूला केलं. हे मी विसरलेलो नाही आणि विसरणारही नाही.

तर परवा छत उघडलं. मधली ओळ गायब. दांडे करवतीने कापलेले, खिळे तुळईत तसेच, आणि त्या जागेतून एसीचा डक्ट गेलेला. डक्टची दिशा बदलायला दोन दिवस लागले असते, तेवढा दम तुला निघाला नाही. आणि शफीक, सवय बघ कशी असते. छत बंद करणाऱ्याने शेवटी तुळईवर नाव टाकायचं, अब्बांची रीत. कापलेल्या दांड्याच्या बुंध्याशीच तू पेन्सिलीने लिहिलंयस: शफीक, १४ मार्च. खाली अब्बा प्रत्येक कामावर नावाखाली काढायचे ती छोटी होडी. चौदा मार्चला मी परमिटसाठी बोटांचे ठसे द्यायला गेलो होतो, त्याची नोंद सरकारदरबारी आहे. शिडीवर उभा राहून मी बराच वेळ हसलो. खालच्या लोकांना वाटलं, मला ऊन लागलं.

मी नवे दांडे ठोकले, डक्ट वळवून घेतला. नवं छतही बंद केलं, फक्त एका जागी कुलपाचं झाकण ठेवलं. एसीच्या व्हॉल्व्हसाठी ते कुठेतरी लागणारच होतं. मी ते बरोबर तुझ्या नावाखाली ठेवलं.

आता हे पत्र का, ते सांगतो. गुरुवारी काम तपासायला मालकाच्या बाजूने इंजिनियर येणार आहे. कागदावर नाव वाचलं: सैफ शफीक. तुझा सैफ. त्याला मराठी वाचता येत नाही हे मला माहीत आहे, पण होडी तो ओळखेल. तू त्याला करून दिलेल्या टेबलाच्या खाली तीच आहे, लहानपणी मला हात धरून दाखवली होती त्याने. तो विचारेल, आणि मी सगळं सांगेन. हे पत्र म्हणजे माफी समजू नकोस. मला ते आधी तुझ्या तोंडून वदवून घ्यायचंय, अब्बांपुढे जे बोलला नाहीस ते मुलापुढे. आज मंगळवार आहे. झाकणाची चावी माझ्याकडे आहे, आणि गुरुवारी सकाळी सातला मी शिडी लावून उभा असेन.

तुझाच, एके काळचा,
नसरुद्दीन