दोंडाईचाची ओळ

आई, आज दुपारी ऑफिसात सगळे घाबरलेले असताना मला तुझा टायपिंग क्लास आठवला. धुळ्याच्या घराची पुढची खोली, तिथली मशीन, मागे स्वयंपाकघर. फोडणी देतानाही तुझा कान पुढेच असायचा. मी गावांची नावं आणि त्यांच्यासमोर आकडे असा तक्ता टाइप करत होते. सोनगीर, सावदा नीट बसले. दोंडाईचा लांब; ते टॅबची, म्हणजे पुढचा रकाना जिथे सुरू होतो ती, जागा ओलांडून गेलं आणि मी टॅब दाबताच आकडा पुढच्या रकान्यात जाऊन पडला. तू झारा हातात घेऊनच माझ्या खुर्चीमागे येऊन उभी राहिलीस. "आधी सगळ्यात लांब नाव बघावं, मग टॅब लावावा. तू तर पाहुणे मोजायच्या आधीच पानं मांडायला बसलीस!" शेजारची मुलगी खुदकन हसली. मी तक्ता पुन्हा केला, तेव्हा तू नुसतं "हं" म्हणालीस आणि आत गेलीस.

आता मी जळगावात, लशींच्या शीतपेट्यांवर लक्ष ठेवणाऱ्या एका लहान कंपनीत आहे. गावोगावच्या पेट्या तापमान कळवतात. टर्मिनलच्या काळ्या पडद्यावर कमांड दिली की ओळी उमटतात: इंग्रजीत गावाचं नाव, मग बाहेरचं तापमान, मग पेटीच्या आतलं. दोंडाईचा आजच जोडलं, आणि त्याच्या ओळीत 'आत'च्या खाली चक्क अडतीस! "ताई, बठ्ठा माल गेला!" म्हणत माझ्या सहकाऱ्याने तिथल्या नर्सला स्पीकरवर फोन लावला आणि लस फेकायला काढा म्हणून सांगितलं.

"पेटी ते गार शे भाऊ! बठ्ठ्या बाया पोरं लिसन बठेल शेतीस, त्यास्ले काय सांगू?" सगळ्या बाया पोरं घेऊन बसल्यात, त्यांना काय सांगू, असं नर्स विचारत होती.

"हाताला गार लागून भागत नाही, सिस्टर."

मी पडद्याकडे बघतेय. सावदा सरळ, सोनगीर सरळ. दोंडाईचाची ओळ तेवढी उजवीकडे सरकलेली, आणि तिच्या टोकाला, कुठल्याच मथळ्याखाली नसलेला, एक पाच. या नावाची इंग्रजीत नऊ अक्षरं होतात, आई, आणि टर्मिनलचा टॅब आठ घरांचा. मी टॅब सोळा घरांवर नेला, कमांड पुन्हा दिली. अडतीस 'बाहेर'च्या खाली गेलं, पाच 'आत'च्या खाली. खात्रीसाठी पेटीने पाठवलेली मूळ नोंद उघडली. आत पाचच. लशीला हवं तेवढंच.

"सिस्टर, लस चांगली आहे. द्या."

"मंग! मना हात काय खोटा शे का?"

"यांचा हातच जोडून टाकू आपल्या सर्व्हरला," सहकारी म्हणाला, आणि कपाळ पुसत खुर्चीत बसला. फोन बंद होता होता मागे एक बाळ जोरात रडलं. पहिली सुई टोचली असावी. इतकं गोड रडणं मी फार दिवसांत ऐकलं नव्हतं. घरी येऊन चहा केला, दोन कप प्यायले, आणि हे लिहायला बसले.

हे पाठवणार तरी कुठे? पण एक सांगते. "द्या" म्हणायच्या आधी मी मागे वळून पाहिलं होतं. फोनवर नर्स ताटकळली होती, सहकारी माझ्या तोंडाकडे बघत होता, आणि मी मात्र तुझ्या "हं"साठी थांबले होते.