पन्हळीखालची खोली

मी, खाली सही करणारी, वय वर्षे शहात्तर, धंदा चष्म्यांचा, राहणार कोपऱ्यावरच्या जुन्या दगडी घरात, पूर्ण शुद्धीवर, कुणाच्याही दडपणाखाली न येता, आणि खरे सांगायचे तर आनंदाच्या उकळ्या फुटत असताना, हे मृत्युपत्र लिहीत आहे.

कारण आजारपण नव्हे. घराच्या दुरुस्तीची परवानगी आली! आज सकाळी परांची उभी राहिली आणि तिच्यावर चढून छपराची पन्हळ स्वतः बघायचा मी हट्ट धरला. मुलगा म्हणाला, "आई, या वयात? आधी मृत्युपत्र कर आणि मग चढ." त्याला वाटले, मी गप्प बसेन. मी वकिलांना फोन करून सगळे विचारून घेतले आणि कागद, पेन घेऊन वर आले.

कलम पहिले, पूर्वपीठिका. हे घर वारसा यादीत आहे, म्हणजे समितीच्या परवानगीशिवाय त्याच्या भिंतीत खिळाही ठोकायचा नाही. एका आठवड्यात मला दोन नोटिसा आल्या. नगरपालिकेची: घर धोकादायक होत आहे, तातडीने दुरुस्त करा. समितीची: विनापरवाना काम चालू असल्यास त्वरित थांबवा. धरले तर चावते, सोडले तर पळते! दोन्ही कार्यालये एकाच इमारतीत आहेत. मी दोघांच्या मधल्या जिन्यात उभी राहून मोठ्याने ओरडले तेव्हा कुठे दोन्हीकडचे साहेब एकमेकांना भेटले. त्यांची चांगली ओळख झाली, याचा मला आजही आनंद आहे.

कलम दुसरे. धाकट्या दिरांना उत्तरेच्या भिंतीवरून आज उखडलेल्या सिमेंटचा सर्वांत मोठा तुकडा द्यावा. मी बहिणीकडे गेले असताना त्यांनी गुपचूप चुन्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला आणि वर म्हणाले, "वहिनी, आता आयुष्यभर बघायला नको." चुन्याची भिंत ओल बाहेर टाकते. सिमेंटने तिचे तोंडच बांधले, ओल आत आली आणि माझी कपाटे बुरसली. नोटीसही माझ्याच नावे निघाली. भाऊजी, तुमचे मन चांगले होते, म्हणून राग सोडते. तुकडा मात्र दिवाणखान्यात, पाहुण्यांना दिसेल असा ठेवायचा.

कलम तिसरे. मागच्या अंगणातल्या हौदात भिजत पडलेला चुना गवंडीकाकांचाच आहे, तो माझ्या मालमत्तेत धरू नये. जितका मुरेल तितका चांगला, फक्त वरचे पाणी आटू देऊ नये. परवानगी येण्याआधीच त्यांनी तो भिजत घातला होता. सगळे हसले होते. "परवानगीचं माहीत नाही बाई, चुना तरी तयार असू दे," असे ते म्हणाले होते.

कलम चौथे. दुकानातल्या भिंगांच्या पेट्या आणि काड्या बसवायची बारीक हत्यारे माझ्या सुनेला. तिचा हात माझ्यापेक्षा स्थिर आहे. हे मी तिला तोंडावर कधी सांगितले नाही, ते इथे लेखी देते.

कलम पाचवे, आणि खरे कलम हेच. घर मुलाला. पण तो नोटिसांना इतका कंटाळला आहे की एकदा मला म्हणाला, "पडू दे ना एकदाचं. घर पडलं की कायदाही पडतो." मी पन्हळ साफ करायला बोलावलेल्या प्लंबरला त्याने दारातूनच परत पाठवले. बिल्डर टपून बसला आहेच. घर पाडायला घण लागत नाही, तुंबलेली पन्हळ पुरते. तिकडे कानाडोळा करणाऱ्याला कुठलाच कायदा वेळेवर पकडत नाही.

म्हणून अट: मुलाने वरच्या मजल्यावर, पन्हळीच्या बरोबर खाली असलेल्या खोलीत झोपावे. पलंग कोपऱ्यातच, जिथे गळते तिथे. ज्याच्या उशीवर थेंब पडतो तो समितीच्या पत्राची वाट बघत बसत नाही, शिडी आणतो. अट न पाळल्यास घर वास्तू जतन करणाऱ्या मंडळाला जावे. अशी अट कोर्टात टिकेल का, याची वकिलांना खात्री नाही. न टिको. तो कोपरा त्याच्या बालपणीचा आहे. मी घरावर फार प्रेम करते आणि त्याच्यावरही.

सहीपूर्वी घडलेले नमूद करते. मला खाली न्यायला मुलगा तणतणत वर आला. पन्हळ बघून थबकला, तिच्यात कोपरापर्यंत हात घातला आणि कुजलेल्या पाल्याचा गोळा बाहेर काढला.

"आई, हे कधीपासून असं तुंबलंय?"

"तू प्लंबरला हाकललंस तेव्हापासून."

त्याने गवंडीकाकांकडे घमेले मागितले आणि पुन्हा हात घातला. मला रडू आले. अट मात्र मागे घेत नाही, पावसाळा अजून यायचा आहे.

सही: चष्मेवाली

साक्षीदार: १. गवंडीकाका. २. आमचे डॉक्टर, जे मी शुद्धीवर असल्याचे प्रमाणित करतात. त्यांची सही थरथरली आहे, ती उंचीच्या भीतीने. माझी बघा, सरळ आहे.

ठिकाण: परांचीची सर्वांत वरची फळी. दिनांक: सोमवार, १२ फेब्रुवारी, काम सुरू झाले तो दिवस.

ज्याला घर मिळते त्याला साक्षीदार होता येत नाही, म्हणून मुलाची सही नाही. तशीही त्याला सवड नव्हती. दुसरे घमेले भरत आले होते.