साहेबासाठी खारवलेली टर्की

र्युसेल्सहाइम,
रविवार, २ एप्रिल २०१७

तीर्थस्वरूप दाजी यांस,

श्रीनाथचा साष्टांग नमस्कार. (खरोखर वाकलो तर कंबर धरते, म्हणून लिहूनच घालतो.) तुमचा गुडघा आता जिने चढू देतो का? ताईच्या प्रेशरच्या गोळ्या वेळेवर चालू आहेत ना? आमच्याकडे मी, ऊर्मिला आणि ओजस तब्येतीने ठणठणीत आहोत. तब्येत सोडून बाकीचं पुढे लिहितो. पत्र कागदावर आलं म्हणून दचकू नका. व्हॉट्सॲपवर लिहिलं असतं तर ते आधी ताईने वाचलं असतं, ताईने वाचलं की आईला कळतं, आणि आईला कळलं की सांगलीत कळायचं कोणी उरत नाही.

तर दाजी, गेल्या दिवाळीत मी तुम्हाला फोनवर म्हणालो होतो की माझं कंत्राट जूनअखेर संपतंय, आणि ते कायम झालं नाही तर सहा वर्षांचा संसार गुंडाळून परत यावं लागेल. त्यावर तुम्ही भोसरीच्या शेडमधून, मागे लेथ चालू असताना, ओरडून सल्ला दिलात, "साहेबाचं पोट सांभाळ, साहेब तुझं पोट सांभाळेल." तुमच्या सल्ल्याने माझं भलं झाल्याचं आजवर एकही उदाहरण नाही (माझ्या लग्नातला तो मरून सूट आठवा), तरी मी ऐकलं. गरजवंताला अक्कल नसते.

आमचा साहेब डॉनोव्हन, अमेरिकन. (कारखानाच तेव्हा अमेरिकन मालकांचा होता.) नोव्हेंबरातल्या शेवटच्या आठवड्यात तिकडे अख्खी टर्की खायचा सण असतो. कँटीनमध्ये उकडलेल्या बटाट्याकडे बघत तो एकदा म्हणाला की त्याची आई टर्की मिठाच्या पाण्यात मुरवायची आणि मग घरीच धुरावर भाजायची. माझ्या तोंडून निघून गेलं, "आल्झो, तर मग या वर्षी आमच्याकडे या." ज्या घरात ऑम्लेटचा तवासुद्धा वेगळा ठेवतात, त्या घराचं आमंत्रण! पण शब्द गेला तो गेला.

खाटकाला दोन आठवडे आधी सांगून नऊ किलोची टर्की आणली. ऊर्मिलाने आरडाओरडा केला नाही, एवढंच विचारलं, की ही फ्रिजमध्ये राहणार असेल तर आपण कुठे राहायचं. ती मावेल असं भांडंही घरात नव्हतं. मग फ्रँकफर्टच्या आपल्या मंडळाचं, गणपतीत शिरा करायचं पातेलं माझ्या तळघरात असतं, ते काढलं. (हे वाचून झाल्यावर विसरा. गणपतीपूर्वी मी नवं घेणार आहे.)

आता खरी चूक सांगतो. इंटरनेटवरच्या कृतीत मीठ इतकं बेताचं लिहिलं होतं की मला त्या बाईची कीव आली. आपण खारवलेल्या कैऱ्यांवर वाढलेली माणसं. मी सरळ आईला फोन लावला आणि काय मुरवायचंय ते न सांगता मिठाच्या पाण्याचं प्रमाण विचारलं. नोव्हेंबरात कैऱ्या कुठून आल्या, असं तिने विचारलं नाही. जर्मनीत सगळं बारा महिने मिळतं अशी तिची समजूत आहे. ती म्हणाली, "मीठ विरघळायचं थांबेपर्यंत घालत राहा. हात आखडलास की बुरशी धरलीच म्हणून समज." मी हात आखडला नाही. कृतीत एक रात्र भिजवा म्हटलं होतं, मी तीन दिवस ठेवली. थोडक्यात, एका संध्याकाळी संपवायची वस्तू मी पुढच्या मृगापर्यंत टिकेल अशी केली.

चाखून बघायला हवं होतं, हे तुम्ही म्हणणारच. कोणी चाखायचं? मी मनाची समजूत घातली की नैवेद्य कोणी उष्टावून बघतो का? साहेब म्हणजे देवच, आणि देवाने आजवर मीठ जास्त झाल्याची तक्रार केलेली नाही.

गुरुवारी सुट्टी काढून बाल्कनीत जुनं, धुरी द्यायचं पत्र्याचं पिंप उभं केलं आणि बीच नावाच्या झाडाच्या लाकडाच्या ढलप्या पेटवल्या. वरच्या मजल्यावरच्या फ्राऊ केसलर बाईंनी आधी खिडकी लावली, मग मला इमारतीचे नियम वाचून दाखवले, आणि मग अग्निशमन दलाला फोन केला. बंब आला. हेल्मेट घातलेले दोघे घरात शिरले, पिंपाचं झाकण उघडलं, आणि त्यातल्या थोराड माणसाने माझ्याच हातातला थर्मामीटर घेऊन पक्ष्याच्या मांडीत खुपसला. "सत्तर. चौऱ्याहत्तर हवं. अजून अर्धा तास," म्हणाला. मी म्हटलं, "गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर. मग त्याने मला दम भरला की पुन्हा बाल्कनीत असला उद्योग दिसला तर घरमालकाला कळवीन, आणि जाताना दार हळूच ओढून घेतलं.

रंग मात्र असा आला होता दाजी, की दृष्ट काढावी. संध्याकाळी डॉनोव्हनने पहिला घास घेतला आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, आई आठवली. मी आग्रह केला. आग्रह कसा करतात ते तुम्ही माझ्या मुंजीत पाहिलंय, त्यापुढे त्या बिचाऱ्याचं काय चालणार? त्याने चार वेळा वाढून घेतलं आणि तो दोन जग पाणी प्यायला. निघताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "पुढच्या वर्षीही इथेच, श्री." पुढच्या वर्षी! मी ते कायम कंत्राटच समजलो. तो गेल्यावर ओजसने एक तुकडा चोरून तोंडात टाकला आणि थुंकत म्हणाला, "पापा, नुअर झाल्त्स!" नुसतं मीठ.

मार्चमध्ये मालकांनी कारखाना फ्रेंचांना विकला. डॉनोव्हन डेट्रॉइटला परत गेला. जाताना सगळ्यांना मिळून एकच मेल टाकली, त्यात मीही असेन. खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात. माझ्या घरी जेवढं खाल्लं, त्यावर त्या माणसाला सात पिढ्या झोप लागायला नको होती. फ्रेंचांसाठी काय भिजत घालायचं, हे विचारायच्या आतच मला पर्झोनाल विभागातून, म्हणजे माणसं ठेवणाऱ्या-काढणाऱ्यांकडून, तीन ओळींचं पत्र आलं. जूननंतर काम नाही. खाली 'मैत्रीपूर्ण शुभेच्छा'.

राग डॉनोव्हनचा नाही येत दाजी, माझा येतो. गाडीच्या दरवाजाच्या बिजागरीवर मी सहा वर्षं काम केलं. चांगलं काम केलं. साहेबाच्या टेबलावर ती बिजागरी ठेवून, "ही मी केलीय, मला ठेवा," असं म्हणायची हिंमत मला झाली नाही. मी त्याच्यापुढे पक्षी ठेवला. हे आठवलं की लाज वाटते, जेवण जात नाही. ऊर्मिलाला अजून काही सांगितलेलं नाही. ती सकाळी औषधांच्या दुकानात कामाला जाते, मी कारखान्यात जातो, आणि संध्याकाळी दोघंही ओजसचा अभ्यास घेतो.

ताईला नमस्कार, आणि तुमच्या गुडघ्याला माझ्याकडून विश्रांती.

तुमचा,
श्रीनाथ

ता. क. २०११ मध्ये तुम्ही म्हणाला होतात, शेडमध्ये माझ्याशेजारी तुझी खुर्ची ठेवतो. मी म्हणालो होतो, बुश आणि पिना असले सुटे भाग करायला मी इंजिनिअर झालेलो नाही. तसं बोलायला नको होतं. ती खुर्ची रिकामी आहे का?

ता. क. २. असेल, तर ऊर्मिलाला तुम्हीच फोन करा आणि धंदा वाढलाय, माणूस हवाय, असं सांगा. मी विचारलं असं कळू देऊ नका.

ता. क. ३. दाजी, मी ऊर्मिला. नमस्कार करते. तिकीट लावून टाक म्हणून यांनी पाकीट माझ्याकडे दिलं आणि चिकटवायचंच विसरले. पर्झोनालचं ते पत्र मी यांच्याआधी वाचलंय. घरची टपालपेटी मीच उघडते. पंधरा दिवस वाट बघतेय, हे कधी सांगतात त्याची. दुकानाने मला एक मेपासून पूर्ण वेळ कायम घेतलंय आणि त्यावर आम्हा तिघांना इथे राहता येतं, हे परकीयांच्या कचेरीत विचारूनही आले आहे. पण यांना बायकोच्या पगारावर घरात बसवलं तर हे तुमच्याकडे पळून येतील. तेव्हा खुर्ची रिकामी असली तरी नाही म्हणून कळवा, आणि चार शब्द टोचून लिहा. तुमच्यावरच्या रागाने हे सहा वर्षं इथे राहिले, आणखी सहा राहतील.