विनायकचा उजवा खांदा

१४ नोव्हेंबर
उजवी बाही परत उसवली. कापड चांगलं आहे म्हणून सहन करतंय, पण सुईची भोकं दिसायला लागलीत.
साडूचा शर्ट. गेल्या वर्षी याच मापाच्या कागदावर बेतून विनायकला एक शिवला होता, तो असा बसला की साडू असूनही त्याने नावं ठेवली नाहीत. तोच माणूस, तोच कागद, तीच कात्री. मग यंदा घालून बघितला तर बाही बोटांवर का येते?
सौ. म्हणाली, "तुमच्या चष्म्याचा नंबर बदललाय." असेल. की डोकं? आज बॉबीन शोधत घर पालथं घातलं, ती मशीनमध्येच होती. रिटायर झाल्यावर हौस म्हणून शिकलो, आता तेही हातातून जाणार की काय.

१६ नोव्हेंबर, रविवार
डोंबिवलीला विनायककडे. शर्ट घालून बघितला. आरशासमोर उभा राहून बायकोला हाक मारतो, "मंदा, तुझ्या भावजींनी दोघांत एक शिवलाय. तूपण ये आत."
मंदा हसली. मी टेप घेऊन पुढे झालो.
गळ्याचं बटण लावल्यावर आत दोन बोटं जायला हवीत. माझा अर्धा पंजा गेला. खालची कड उजवीकडे उतरलेली. कापतानाच चुकलं असणार.
मंदा म्हणाली, "भावजी, तुमचं काही चुकलेलं नाही. हेच बारीक झालेत. सकाळचं चालणं, साखर बंद." विनायक खूश. "नितीनच्या साखरपुड्याला लोक मलाच नवरा समजतील." मुलाचा साखरपुडा १४ डिसेंबरला, शर्ट त्यासाठीच.
जेवायला बसलो. त्याच्या ताटात चमचा. मंदा म्हणते, "हल्ली हात घाण करत नाहीत. साहेब झालेत."  विनायकने डाव्या हाताने वरणाची वाटी पुढे ओढली.
माझं लक्ष बाहीतच. निघताना त्याचा गेल्या वर्षीचा निळा शर्ट मागून घेतला. कॉलर झिजलीय, उलटवून देतो म्हटलं. खरं म्हणजे कुठे चुकलो ते बघायचं होतं.

१७ नोव्हेंबर
निळा शर्ट पलंगावर पसरला. त्यावर नवा. बाहीवर बाही, गळ्यावर गळा. सुताचा फरक नाही. दोन्ही हँगरला लावून खिडकीत टांगले. दोन्ही सरळ.
चूक माझी नव्हती. बरं वाटायला हवं होतं. पंखा लावून खाली बसलो.
चालून पोट जातं. मान जाते का? आणि एकच खांदा खाली येतो का? चमचा. डावा हात.
मी काही डॉक्टर नाही. सातवी पास. उगाच भलतं डोक्यात घेतो अशी माझी ख्यातीच आहे. सौ. ताप आला तरी मला सांगत नाही.

१९ नोव्हेंबर
सौ.ला सांगणार होतो. तोंड उघडलं आणि म्हटलं, चहा कर.
तिला सांगणं म्हणजे मंदाला सांगणं. दोघी बहिणी भाजी निवडताना फोन कानाशी लावून बसतात. माझं खोटं निघालं तर? विनायकच्या होणाऱ्या सुनेच्या घरापर्यंत बातमी जाईल की सासरा आजारी आहे.
खरं निघालं तर?
दिवसभर मशीन झाकलेली.

२२ नोव्हेंबर
विनायकला एकट्याला गाठलं. त्यांच्या बिल्डिंगमागच्या बागेत. विचार करून गेलेलो, तिथे गेल्यावर सगळं एका दमात बोलून टाकलं.
आधी हसला. "टेप लावून रोग सांगणारा तूच पहिला."
मी हसलो नाही. मग तोही थांबला.
म्हणाला, गणपतीपासून चाललंय. किल्ली फिरत नाही. शर्टाची बटणं मंदा आंघोळीला गेली की एका हाताने लावतो, वेळ लागतो. औषधाच्या दुकानातून गोळ्या आणल्या, दुकानदार म्हणाला नस दबली असेल.
"डॉक्टर?"
"साखरपुडा होऊ दे. मुलीचा मामा येईल तेव्हा घरातल्या सगळ्यांची तब्येत विचारतो. आधीचं एक स्थळ फिरलंय, मास्टर. दत्ता, ऐक. तू एक कर. खांद्यात काहीतरी भर घाल. मी सरळ दिसलो पाहिजे."
मी म्हटलं, मंदाला तरी सांग.
"तू सांगितलंस तर माझ्या दारात यायचं नाही. बायका बहिणी असतील. आपण एकमेकांचे कोणी नाही."
चाळीस वर्षं एकाच ताटातली भजी खाल्ली. कोणी नाही म्हणे.

२५ नोव्हेंबर
शिवायला बसलो. नाही म्हणता आलं नाही.
कापड दुमडून कापतात. एक बाजू मापली की दुसरी आपोआप तशीच निघते. माणूस दोन्हीकडून सारखा असतो हे धरूनच चालायचं. आज शर्टाच्या उजव्या अंगाचा कागद वेगळा कापला. कात्री चालवताना फार वाईट वाटलं. का ते सौ.ने विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.
कॉलरमध्ये घालतात ते कडक बकरम आणि जुन्या बनियनचे पदर. गोल कापून हाताने टाचले.

३० नोव्हेंबर
त्याच्या खोलीत दार लावून ट्रायल. बाहेर मंदा, "एवढं काय गुपित आहे भावजी?"
आत विनायक म्हणतो, आणखी भर. आणखी एक पदर घातला. आरशात सरळ दिसला. बराच वेळ बघत राहिला.
"शाब्बास मास्टर."
बटणं मी लावली. दंड बाहीत नुसता लटकतोय. गेल्या वेळी खुणेची टाचणी लावली होती तिच्याही आत घ्यावं लागलं. म्हणजे थांबलेलं नाही ते.
म्हटलं, साखरपुड्याच्या दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे. शपथ घे.
"या शर्टाची घेतो."
"मी चेष्टा करत नाहीये."
"मी पण नाही."

५ डिसेंबर
सौ.च्या हाती खांद्यातली भर लागली. "हे काय? ब्लाउजला घालतात तसं?"
"फॅशन आहे."
"विनायकरावांना?"
माझ्याकडे बघत राहिली. मी दोऱ्याची गुंडी खाली पाडली आणि शोधत बसलो. तिने पुढे विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.
रोज ठरवतो, आज सांगायचं. एखादा दिवस गेला आणि त्या दिवसानेच फरक पडला असं निघालं तर? आणि सांगितलं आणि लग्न मोडलं तर? दोन्हीकडून दोषी मीच.

१४ डिसेंबर
साखरपुडा झाला. पोरगी चांगली आहे, नितीनपेक्षा धीट.
शर्ट फार छान बसला. कोणी शिवला, कोणी शिवला. मंदा हात धरून मला सगळ्यांना दाखवते, "आमचे भावजी." तोंड लपवावंसं वाटलं.
मुलीच्या मामाने हात पुढे केला तर विनायकने नमस्कार केला. उजवा हात डाव्याने उचलून जोडला. मी बघितलं. अजून कोणी बघितलं की नाही, कळलं नाही. सौ. माझ्या शेजारीच उभी होती.

१५ डिसेंबर
सकाळी फोन केला. तयार हो, मी येतो, बरोबर जाऊ.
"आज पाहुणे आहेत रे."
"उद्या?"
"गुरुवारी बघू. त्यानंतर देवाला जायचं आहे. मग लग्नाची तारीख काढायची."
म्हणजे लग्नापर्यंत. शपथेची आठवण दिली तर म्हणतो, शर्ट धुवायला टाकलाय.

१६ डिसेंबर
मंदाचा फोन. सौ.ला नाही, मला. कधी करत नाही.
"भावजी, शर्ट भिजवत होते. खांद्यात काय घातलंय?"
मी म्हटलं, आकार यायला.
"मग एकाच खांद्यात का?"
  मागून विनायकचा आवाज, "कोण, मास्टर का? दे इकडे." तिने दिला नाही. बाल्कनीत गेली असावी, रिक्षांचे आवाज यायला लागले. हळू म्हणाली, "भावजी, परवा त्यांच्या हातून कप पडला. म्हणाले, ओला होता. ओला नव्हता."
म्हटलं, फोनवर नको. घरीच थांब, येतो.
सौ. ओट्यापाशी. "कुठे?" म्हणाली. तिला म्हटलं, गॅस बंद कर, साडी बदल, तूही चल. आणखी काही न विचारता आत गेली.
ती तयार होईपर्यंत हे लिहितोय. विनायकचा फोन वाजतोय. थांबतो, परत वाजतो. अजून उचललेला नाही.