चिठ्ठीनं सांगितलं आणि सुलूनं वाचलं

६ मार्च १९६०, रविवार
चर्चमधल्या उपासनेनंतर पाळकसाहेबांनी आम्हा बायांना बसवून सांगितलं, एक वही ठेवा. डाव्या पानावर देवाकडे काय मागितलं ते लिहा, उजव्यावर काय उत्तर आलं ते. म्हणजे देव वाट कशी दाखवतो ते कळतं. मी म्हटलं, आपल्यावर वही ठेवलीय हे देवाला कळलं तर तो बोलायचाच बंद होईल. बाया हसल्या. पा. हसले नाहीत. (पाळकसाहेब पुरं लिहीत नाही. माझं अक्षर मोठं, कागद संपतो.)
सुलूच्या शाळेची वही अर्धी कोरी होती, ती घेतली.
मागणं: सुलूचं काय करू ते सांग.

७ मार्च
पाच वर्षांची असताना आई गेली. तेव्हापासून माझ्या अंथरुणात वाढलेली पोर, आता नर्स व्हायला निघाली. कोल्हापूरकडच्या एका मिशन दवाखान्याचं पत्र आलंय. मॅट्रिकचे मार्क पसंत आहेत म्हणे. तीन वर्षं तिथंच राहायचं. ईस्टरनंतर आठवड्याच्या आत हो का नाही कळवा.
शमू पाळीवरून आला, पत्र वाचलं, म्हणाला, "आई, तू सांगशील ते." आणि आडवा झाला. गिरणीत सुताच्या एवढ्या चात्यांवर नजर ठेवतो, घरात एका लेकीचं ठरवता येत नाही.
मी सांगायचं म्हणजे देवानं सांगायचं. माझं काय. मला हाताशी कोणी लागत नाही. सुईत दोरा ओवायला सोडून. आणि शास्त्र वाचायला. आणि दाण्यातले खडे दिसत नाहीत ते.

९ मार्च
सकाळी प्रार्थना करून वचनपेटी काढली. गावाकडे मडमबाई अक्षरं शिकवायच्या, त्यांनी विलायतेला परत जाताना दिलेली. पत्र्याची पेटी, आत गुंडाळ्या केलेल्या चिठ्ठ्या, एकेकीवर एक वचन. रोज एक काढायची असा नेम. काढते मी, वाचते सुलू. ते बारीक छापील मला आता मुंग्यांसारखं दिसतं.
आज निघालं ते पाखरांचं. पाखरं पेरत नाहीत, तरी देव त्यांना घालतो, अशा अर्थाचं. मी पाखरांचं विचारलं नव्हतं.
दुसरी काढली. नेम मोडला. सुलूला म्हटलं, पहिली नीट गुंडाळलेली नव्हती. दुसरी निघाली म्हाताऱ्यांच्या पिकल्या केसांची. तीही ठेवून दिली.

११ मार्च
नळावर सरजा. आमच्या शेजारच्या खोलीतली. बुद्धाची दीक्षा घेतली तेव्हा घरातले सगळे देव समुद्रात सोडून आली, तेव्हापासून जीभ फार हलकी झालीय. म्हणते, "मावशी, ठरलं का सुलूचं? का तुमचा देव अजून चिठ्ठीच शोधतोय?"
म्हटलं, तुझ्यासारखं बिनदेवाचं घर नाही माझं, विचारावं लागतं.
म्हणते, "आमच्या गावचा भगत पण विचारायचा. देवीच्या अंगाला तांदूळ चिकटवायचा. उजवा पडला तर होय, डावा पडला तर नाही. मनासारखा नाही पडला की परत चिकटवायचा."
हंडा भरला नव्हता तरी उचलून आले.
माझी आजी अशीच कौल लावायची. बाप ख्रिस्ती झाला तेव्हा कौल बंद. बापानं मला सांगितलेलं, आपला देव दगड नाही, तो बोलतो. आणि मी परवा दोन चिठ्ठ्या...
सरजाला बोलायला काय जातंय.

१४ मार्च, सोमवार
उत्तर आलं.
एकच चिठ्ठी काढली, डोळे मिटून. सुलूनं उघडली, जरा थांबली, मग वाचली. शास्त्रातल्या त्या परक्या देशच्या सुनेचं बोलणं, सासूला म्हणाली ते. मला सोडून जा असं म्हणू नकोस, तू राहशील तिथं मी राहीन. अंगावर काटा आला. एवढं सरळ बोलणं देवानं माझ्याशी कधी केलं नव्हतं.
चिठ्ठी परत पेटीत टाकवेना. मिश्रीच्या डबीत ठेवली, झाकणाला आतून चिकटवून. मडमबाईंनी माझं सगळं सोडवलं, मिश्री तेवढी राहिली.
शमूला सांगितलं, पोरगी जात नाही, वचन आलंय. तो म्हणाला, "बरं." सुलू ताटं मांडायला लागली. बोंबील तळले होते, मी दोन जास्त खाल्ले.

२० मार्च, रविवार
पा.ना उत्तर सांगितलं. मला वाटलं वहीवर शेरा देतील, शाब्बास. विचारतात, "आजी, तुम्हाला स्वतःला काय हवं होतं?"
म्हटलं, हेच.
म्हणाले, "मग अजून थोडं ऐका. आपल्याला हवं तेच देव बोलला की दोनदा ऐकावं. आणि चार माणसांना विचारावं."
पाळक झाला म्हणून काय, माझ्या शमूपेक्षा चार वर्षांनी लहान आहे. घरी येईपर्यंत राग होता. जेवल्यावर कमी झाला.

२४ मार्च
शमू सभेहून घोगरा होऊन आला. मुंबई आपली झाली म्हणून सगळे नाचतायत, दिल्लीत कागद व्हायचे तेवढे राहिलेत. गिरणीतल्या खात्यातला कोणी त्याला म्हणाला, "तुम्ही मिशनवाले, तुम्हाला महाराष्ट्र कशाला?" हा गप्प राहिला. माझ्यावर नाही गेला तो. म्हटलं, त्याला सांगायचं होतंस, माझ्या आईला शिव्या फक्त मराठीत येतात, ती कुठं जाणार?
चार वर्षांपूर्वी गोळ्या चालल्या तेव्हा हाच शमू संध्याकाळपर्यंत घरी आला नव्हता. मी दारात बसून होते. तेव्हा चिठ्ठी नव्हती काढली. नुसतं "देवा" म्हणत होते, पुढचं सुचत नव्हतं. तो आला.

२९ मार्च
आज जे झालं ते नीट लिहिते.
सरजा मिश्री मागायला आली. डबी दिली. झाकण उघडलं तर चिठ्ठी. ती दीक्षेनंतर खालच्या मजल्यावरच्या वर्गात वाचायला शिकली, आता दुकानाच्या पाट्यासुद्धा मोठ्यानं वाचते. ही पण वाचली. एकेक अक्षर जोडत. आपला देश सोड, आपलं गोत सोड, बापाचं घर सोड, मी दाखवीन तिकडे जा.
म्हटलं, परत वाच.
परत तेच.
"नीट वाच गं, तिथं सुनेचं आहे."
"सून कुठंच नाही मावशी. माझं वाचणं कच्चं असेल, पण 'घर' आणि 'सोड' मला येतं."
हे तर शास्त्रातल्या त्या जुन्या काळच्या म्हाताऱ्याचं. पंचाहत्तराव्या वर्षी त्याला देवानं तंबू उचलायला लावला.
सरजा माझ्या तोंडाकडे बघून मिश्री न लावताच गेली. कोणाला बोलणार नाही. तेवढी आहे ती.

३० मार्च
सकाळी नेहमीसारखी चिठ्ठी काढली. सुलूनं वाचली, मेंढपाळाची. ती पदरात धरून सरजाकडे नेली. मेंढपाळाचीच होती. म्हणजे पोरगी रोज खोटं वाचत नाही. एकदाच वाचलं.
देवाच्या वचनात खोटं. माझ्या घरात. मी वाढवलेली.
राग यायला हवा तेवढा येत नाही. पासष्ट वर्षांत माझ्यासाठी कोणी एवढं मोठं खोटं बोललं नव्हतं.

३ एप्रिल, रविवार
उपासनेहून आल्यावर शमू खाली गेला. सुलू तांदूळ निवडत होती. डबी तिच्यापुढं ठेवली. म्हटलं, चौदा तारखेची चिठ्ठी आहे, वाच.
तिनं उघडली नाही. कानापर्यंत लाल झाली. म्हणाली, "आजी, आधी चिठ्ठीतलं 'घर सोड' दिसलं आणि मग तुझं तोंड दिसलं."
"माझ्या तोंडाला काय झालंय?"
"घाबरलेलं होतं."
मी घाबरलेली. म्हटलं, आणि सुनेचं वचन कुठून आणलंस?
"ते पाठच आहे. तूच पाठ करून घेतलंस."
मग विचारलं ते, जे आधी विचारायला हवं होतं. तुला जायचंय का?
हातातलं सूप खाली ठेवलं तिनं. म्हणाली, "हे मला आजपर्यंत कोणी विचारलं नाही."
खरं आहे. चार आठवडे पत्र्याच्या पेटीला विचारलं, पोरीला एकदा नाही. बापानंही नाही.
"जायचंय. आणि नाही पण जायचं."
"दोन्ही कसं गं?"
"दोन्हीच आहे. आई खोकायची तेव्हा मला कळायचं नाही काय करायचं. ते शिकायचंय. पण तुला शास्त्र कोण वाचून दाखवणार?"
म्हटलं, देवाचं शास्त्र माझ्या डोळ्यांवर अडून बसलेलं नाही. असं म्हटलं खरं. मग दोघींनी तांदूळ निवडले. माझ्या बाजूला खडे तसेच राहिले, तिनं गुपचूप परत निवडले.

५ एप्रिल
पा. घरी आले. सगळं सांगितलं, डबीसकट. मिश्री बघून काही बोलले नाहीत, बरं वाटलं.
मी विचारलं, आता खरी चिठ्ठी जा म्हणते, तर पाठवू?
म्हणाले, "चिठ्ठी बाजूला ठेवा. पोरीला शिकायचंय, दवाखान्याला ती हवीय, बापाची हरकत नाही, काम चांगलं आहे. देव एवढ्या सगळ्यांच्या तोंडानं बोलतोय, तुम्हाला पेटीच कशाला हवी?"
"मग माझ्या तोंडानं कोण बोलत होतं?"
"भीती," म्हणाले. "तिलाही ऐकून घ्यायचं, पण तिला ठरवू द्यायचं नाही."
चहा दोन कप प्यायले. माणूस वाईट नाही.

१५ एप्रिल, उत्तम शुक्रवार
बारा ते तीन उपासनेला बसून कंबर धरली. वचनपेटी फळीवर ठेवलीय, वर. टाकली नाही. रोज एक काढून वाचू, पण प्रश्न विचारायचा नाही तिला. बिचारी पत्र्याची.

१९ एप्रिल
शमूनं हो म्हणून कळवलं. सुलूनं मजकूर सांगितला, त्यानं लिहिला, खाली आजी म्हणून मी पण सही केली, गरज नव्हती तरी. पोस्टात टाकायला मी आणि सुलू गेलो. पेटीत पत्र पडल्याचा आवाज आला. मग एकदम हलकं वाटलं. रसवंतीवर रसच प्यायलो.
उजव्या पानावर लिहिलं: जाऊ दे. हे देवाचं की माझं, ठाऊक नाही. दोघांचं एक झालं असेल तर बरंच.

२२ एप्रिल
सरजा भलतीच बाई. भाकरी थापत होते, दारात उभी राहून म्हणते, "मावशी, त्या दिवशी चिठ्ठी काढली कोणाच्या हातानं?"
"माझ्या."
"आणि तुमच्या देवानं घर सोड म्हणून सांगितलं कोणाला? तरण्या पोरीला की म्हाताऱ्याला?"
"म्हाताऱ्याला."
"मग सुलूच्या डोक्यावर कशाला घालताय," म्हणाली आणि गेली.
हसले मी. भाकरी करपली.

२४ एप्रिल, रविवार
हसू गेलं. सरजाचं ते बोलणं डोक्यातून जाईना. सुलूला सांगितलं गंमत म्हणून. ती हसली नाही. म्हणाली, "आजी, त्या दवाखान्यात मोतीबिंदू काढतात." म्हटलं, माझे डोळे माझ्याजवळ राहू देत, कोणाच्या सुरीखाली जायचं नाही मला. तिनं विचारलं, लिहून चौकशी करू का? चौकशीला काय, कर म्हटलं.

१ मे, रविवार
महाराष्ट्र झाला. सगळ्या चाळींवर दिवे. डिलाईल रोडला पाय ठेवायला जागा नाही. उपासनेत पा.नी नव्या राज्यासाठी प्रार्थना केली, लांबली, पण कोणी कुरकुरलं नाही. शमू पेढे घेऊन आला, त्यातला एक त्या "मिशनवाले" म्हणणाऱ्याला स्वतःच्या हातानं भरवून आला. सरजानं आमच्या दाराला पण तोरण बांधलं. म्हटलं, तुझ्या धर्मात चालतं का? म्हणते, आनंद कुठंही चालतो.
गोळ्या चालल्या तेव्हा दाराशी बसून काय मागितलं होतं ते आठवलं. राज्य नव्हतं मागितलं. पोर मागितला होता. दोन्ही मिळालं.

८ मे, रविवार
सुलूची ट्रंक आणली. तिच्यासाठी दोन पांढरी पातळं. सुईत दोरा तिनंच ओवला, मी शिवलं. टाके तिरके आले, ती म्हणाली छान आहेत. आता खोटं कळतं मला तिचं.

१२ मे
पत्र आलं. जूनमध्ये मुलीसोबत आजींना आणा, डोळे तपासू, मोतीबिंदू काढण्याजोगा असला तर काढू, पंधरा दिवस राहावं लागेल. शमू म्हणाला, "आई, तू सांगशील ते." याला दुसरं वाक्य येत नाही.
सुलूनं पत्र घडी घालून माझ्या हातात दिलं आणि विचारलं, "आजी, तुला जायचंय का?"
बरोबर माझाच प्रश्न. म्हटलं, विचार करू दे. भीतीचं ऐकून घेते आधी, तिचं फार आहे सांगायचं.
फळीवरच्या पेटीकडे दोनदा बघितलं. हात नाही लावला.

१४ मे
मागणं: माझं काय करू ते सांग.
उजवं पान कोरं.
ठेवणीतलं नऊवारी आज धुऊन गॅलरीत वाळत घातलं. सरजा लगेच, "काय मावशी, निघालात वाटतं." म्हटलं, उन्हाळा आहे, लुगडं धुतलं. त्याचा कोणी कौल काढू नये.