खाली कोण राहतं?

प्रिय हे-वॉन,

आम्ही दोघी खुशाल आहोत. तुझ्या लेकीने परवा वाटीभर समुद्रशेवाळाचं सूप संपवलं आणि माझ्या शब्दकोशावर थोडं सांडलंही. फोनवर तू नेहमी "ताई, थोडक्यात सांग गं" म्हणतेस. तिकडे व्हिएतनामात, हायफाँगच्या तुमच्या कारखान्यात शिट्टी वाजली की तू पळतेस, हे मला ठाऊक आहे. पण गेल्या काही आठवड्यांत जे पाहिलं ते थोडक्यात मावणारं नाही. शिवाय फोन दासोम माझ्या हातून काढून घेते आणि तुला कुत्र्याच्या आवाजात भुंकून दाखवते. म्हणून हे पत्र. हे तरी ती हिसकावणार नाही. वाचता येत नाही, हा तिचा एकमेव दुर्गुण.

नोव्हेंबरातल्या तपासणीचं मी तुला फोनवर अर्धंच सांगितलं होतं. बालवाडीतल्या सगळ्या मुलांची होते तीच ती. वजन, उंची, दात, सगळं उत्तम. मग डॉक्टर म्हणाले, "आता दोन्ही पाय जोडून एक उडी मार बघू, सशासारखी." दासोमने आधी डॉक्टरांकडे पाहिलं, मग फरशीकडे, आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "खाली कोण राहतं?"

डॉक्टर हसले. म्हणाले, "खाली औषधांचं दुकान आहे, बाळ." तशी ती म्हणाली, "मग नको. त्यांना त्रास होईल." आणि उडी म्हणून तिने टाचा उचलून परत टेकवल्या, इतक्या अलगद की खाली दुधाचं भांडं असतं तर साय मोडली नसती. एका पायावर लंगडी घालायला सांगितली, तर ती भिंतीला हात लावून उभी राहिली. डॉक्टरांचं हसू गेलं. त्यांनी तिचे गुडघे वाकवून पाहिले, घोटे दाबून पाहिले. "पायांत मला काही दिसत नाही. पण पाच वर्षं होत आली, एवढं यायला हवं. वसंतात परत आणा. तेव्हाही उडी आली नाही, तर मोठ्या रुग्णालयात सगळं तपासू. तोवर परदेशी पाठवायची घाई नको." तुला मी फक्त शेवटचं वाक्य सांगितलं होतं.

आपल्याकडे मूल चालायला लागलं की पहिला शब्द कानावर पडतो तो "पळू नकोस". आपणही तेच ऐकत वाढलो. फरक एवढाच, की आपण पळायचो. दासोम आज्ञाधारक निघाली. ती चालायला लागली तेव्हा खालच्या घरातले आजोबा महिन्यातून दोनदा इंटरकॉमवर ओरडायचे, आठवतं ना? मग घरभर जाड गाद्या आल्या, मऊ तळव्यांच्या सपाता आल्या, नववर्षाला त्यांच्याकडे नासपतींची पेटी गेली. आणि हळूहळू आपल्या मुलीने पाय उचलणंच सोडून दिलं. लोक कौतुक करायचे. "काय गुणी मुलगी! घरात मूल आहे असं वाटतच नाही." मीही ते कौतुक गोड मानून घ्यायचे. घर शांत, भाषांतराची पानं झरझर. मैदानात नेलं तरी तेच. आपल्या संकुलाचं मैदान गाड्यांच्या तळघरावर बांधलेलं आहे, हे तिला पक्कं माहीत. आपली गाडी तिथेच तर असते. घसरगुंडीवरून ती सरकत येते, बसूनच उतरते, आणि मला समजावते, "मावशी, खाली गाड्या झोपल्यात." त्यात यंदा वाळवंटाकडून वाऱ्याने येणारी ती पिवळी धूळ अशी, की बालवाडीने बाहेरचा खेळ आठवडेच्या आठवडे बंद ठेवला.

तू पाठवलेला तो टीव्हीला जोडायचा, कॅमेऱ्यासमोर अंग हलवून खेळायचा खेळ मी आधी कपाटावर ठेवला होता. टीव्हीसमोर मूल बसवायला बहिणीने यंत्र पाठवावं आणि त्याला व्यायाम म्हणावं, यावर मी मनात एक कडक निबंध लिहून काढला होता. पण डॉक्टरांनीच विचारलं, "घरात अंग हलवायला लावणारा खेळ आहे का? तिला एकटीला सोडू नका, तुम्हीही सोबत खेळा." सोबत! एकोणपन्नासाव्या वर्षी.

जोडला एकदाचा. टीव्हीवर तळं उगवलं, तळ्यात कमळाची पानं, आणि एका पानावर बेडूक. दासोमने हात वर केला, बेडकाने हात वर केला. तिने मान तिरकी केली, त्यानेही केली. ती श्वास रोखून बघत राहिली, आणि खरं सांगते, मीही. कॅमेऱ्याच्या त्या इवल्या काळ्या डोळ्याने तिला पाहिलं होतं आणि ओळखलं होतं. मी जन्मभर बिंब-प्रतिबिंबावरची भाष्यं वाचली. बिंबाला इतकं चकित झालेलं कधी पाहिलं नव्हतं.

पण बेडूक पुढच्या पानावर जायचा तर समोरच्याने उडी मारायला हवी. नाही मारली की पान हळूहळू बुडतं. दासोम हात हलवायची, कमरेत डुलायची, टाचा उचलायची. पान बुडायचं, बेडकाचे डोळे तेवढे पाण्यावर उरायचे. ती खाली बसायची. बेडकाची उडी, मंडूकप्लुति, हा दाखला संस्कृत व्याकरणाच्या विद्यार्थ्यांना मी पंचवीस वर्षं देत आले: मधली सूत्रं ओलांडून शब्द पुढे कसा जातो ते दाखवायला. प्रत्यक्ष बेडूक कधी लागला नव्हता. आता लागला, तर तो माझ्या डोळ्यांदेखत रोज बुडत होता.

शेवटी एके दुपारी म्हटलं, मीच दाखवते. चष्मा काढला, गाद्यांचे दोन थर केले आणि उडी मारली. बेडूक पुढच्या पानावर गेला. दासोमने टाळी वाजवायला हात उचलले, आणि तेवढ्यात इंटरकॉम वाजला.

बायकी आवाज. "वरच्या घरातून बोलताय ना? कपाट पडलं का?"

"नाही हो. मीच."

"पडलात? रुग्णवाहिका बोलावू?"

"पडले नाही, उडी मारली."

मग, "वय काय तुमचं?"

मी हसत होते, पण मागे वळून पाहिलं तर दासोम गादीवर पोटाशी गुडघे घेऊन बसलेली. डोळ्यांत एकच वाक्य: बघ, मी सांगत होते ना. त्यानंतर चार दिवस ती टीव्हीसमोर उभीसुद्धा राहिली नाही. वसंत जवळ येत होता आणि मी होतं तेही घालवून बसले होते.

मग रिवाजाप्रमाणे संत्र्यांची पेटी घेऊन खाली गेले. दार उघडलं ते एका बुटक्या, ताठ आजींनी. मेंग त्यांचं आडनाव. मी वाकून क्षमा मागितली, घरात लहान मूल आहे म्हणाले, इतकी वर्षं त्रास सोसलात म्हणाले. त्यांनी मला मधेच थांबवलं. "कसली वर्षं? मी दीड वर्षापूर्वी आले इथे. आधीचे आजोबा मुलाकडे गेले, पुसानला. आणि वर मूल आहे?" त्यांनी छताकडे असं पाहिलं, जणू तिथे चंद्र निघाला. "लिफ्टमध्ये एक लहानगी दिसते, ती तुमची? मला वाटलं, वर कोणी विधुर मास्तर राहतो."

हे-वॉन, त्यांच्या उंबऱ्यात मी संत्री धरून उभीच राहिले. दीड वर्षं आमच्या घरातली ती पावलं, त्या सपाता, ते कुजबुजणं, सगळं अशा एका माणसासाठी होतं जो केव्हाच पुसानला गेलेला.

मी त्यांना सगळं सांगितलं, डॉक्टरांचंही. त्या म्हणाल्या, "मग उड्या मारू दे की. मी काही बोलणार नाही." मी म्हटलं, "ते मला कळलं, आजी. तिला कसं कळणार?" त्यांनी एक संत्रं सोललं, अर्धं मला दिलं, अर्धं शांतपणे खाल्लं. मग चपला घालत म्हणाल्या, "चला दासोमच्या मावशी. मी वर आले, तर खाली कोण उरतं?"

इतकं सोपं होतं ते. आणि माझ्यासारखीला सुचलं नाही, जी न्यायशास्त्रातला अभाव, म्हणजे 'नसणं', शिकवते!

वर येऊन त्या सोफ्यावर बसल्या. दासोम माझ्या मागे. "मी खालची आजी," त्या म्हणाल्या. दासोमने वाकून नमस्कार केला आणि बराच वेळ विचार केला. "तुम्ही इथे आहात. मग तिथे कोण आहे?"

"कोणी नाही. किमचीचा फ्रिज आहे."

"त्याला आवाजाचा त्रास होतो?"

"तोच इतका घोरतो, की मला होतो."

एवढ्यावर विश्वास ठेवेल ती तुझी लेक कसली! बघून येऊ म्हणाली. आम्ही तिघी लिफ्टने खाली उतरलो. मेंग आजींनी तिला उचलून स्वतःच्याच दाराची घंटा वाजवायला दिली. कोणी आलं नाही. तिने पुन्हा वाजवली. दाराला कान लावला. मग आमच्याकडे वळून एखाद्या न्यायाधीशासारखी म्हणाली, "नाहीये कोणी."

परत वर आलो. तळं उगवलं. दासोमने सपाता काढल्या आणि त्या भिंतीशी नीट जोडून ठेवल्या. ती गादीवर उभी राहिली, गुडघे वाकवले, बेडकाने वाकवले. आणि ती तशीच थांबली. पान बुडायला लागलं. मेंग आजींनी माझं मनगट धरलं होतं, ते मला नंतर कळलं. मग ती उडाली.

किती उंच विचारशील, तर एका चांगल्या शब्दकोशाएवढी. पण दोन्ही पाय सुटले होते. गादी आणि तिचे तळवे यांच्या मधे हवा होती, खिडकीतला उजेड त्या फटीतून पलीकडे गेला, तो मी पाहिला. प्लु हा धातू मी आजवर मुलांकडून घोकून घेत आले: तरंगणे, पोहणे, उडी मारणे. एकाच धातूला हे तिन्ही अर्थ कसे, याचा मला कधी अचंबा वाटला नव्हता. ती खाली आली तेव्हा धप्प असा आवाज झाला. या घरात इतका सुंदर आवाज कधी झाला नसेल. ती इंटरकॉमकडे बघत राहिली. तो वाजला नाही. तिचा चेहरा हळूहळू उघडत गेला, आणि मग, बाई गं, ती थांबेचना. पानामागून पान, बेडूक तळ्यापार, केस कपाळाला चिकटलेले, आणि घशातून निघणारं ते हसू. असं खळखळणारं हसू तिच्याजवळ आहे, हे मला, तिची वेणी रोज घालणाऱ्या बाईला, माहीतच नव्हतं.

मग मेंग आजी म्हणाल्या, "मलाही बघू दे." उभ्या राहिल्या, गुडघे थोडेसे वाकले, पुढे काही होईना. पान बुडू लागलं. दासोम धावत (धावत, हे-वॉन!) त्यांच्याजवळ गेली, हात धरला आणि म्हणाली, "घाबरू नका आजी. खाली कोणी नाहीये." आजींच्या टाचा उचलल्या गेल्या, आणि यंत्रानेही दया केली असावी, बेडूक पलीकडे गेला.

त्याला आता तीन आठवडे झाले. आजी रोज चारच्या सुमाराला वर येतात, खेळ संपेपर्यंत बसतात आणि मला जवाचा चहा नीट करता येत नाही असं ऐकवतात. काल मैदानात दासोम घसरगुंडीच्या शेवटच्या टोकावरून उडी मारून उतरली. गाड्यांना आधी "सॉरी" म्हणाली, पण उतरली.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. वसंतातल्या तपासणीची वाट बघायला नको. काल मी तिला डॉक्टरांकडे घेऊन गेले होते. त्यांच्या खोलीत ती सशासारखी इतकी उडाली की त्यांना "पुरे" म्हणावं लागलं. दासोमला तिकडच्या तुमच्या अंगणाच्या घरी नेण्याबद्दल तू शरदात विचारलंस, हिवाळ्यात विचारलंस, आणि दोन्ही वेळा मी डॉक्टरांना पुढे केलं. आता पुढे करायला कोणी नाही. तिला घेऊन जा. मी तिला अजून सांगितलेलं नाही, ते तू येऊन सांग. फोनवर हे माझ्या तोंडून निघालं नसतं, आणि निघालं असतं तरी तू माझा आवाज ऐकून "राहू दे ताई, अजून थोडे दिवस" म्हणाली असतीस. म्हणून याच महिन्यात ये. उशीर केलास तर माझा विचार बदलेल, आणि बदललेल्या विचाराला शास्त्राधार शोधून काढायला मला फारसा वेळ लागत नाही.

तुझीच, चहा बिघडवणारी थोरली,
सू-ग्योंग