ओपन स्पेसमधला खड्डा

६ जानेवारी २०२५, सोमवार

कोपऱ्यावरचा कचऱ्याचा कंटेनर उचलणार म्हणे! आज झोन ऑफिसचा स्वच्छता निरीक्षक सांगायला आला होता. धर्मपाल नाव, तिशीचं पोरगं, शर्ट खोचलेला, बोलणं गोड. १ फेब्रुवारीपासून घंटागाडी रोज फक्त ओला कचरा नेणार. सुका बुधवारी आणि शनिवारी. मिसळलेला दिसला की बादली तशीच परत.

हा कंटेनर २०१४ साली मी आणला. सात अर्ज, तीन स्मरणपत्रं. तेव्हापासून शिवपार्वती लेआउटच्या नागरिक समितीचा अध्यक्ष मीच आहे. आणि मला न विचारता नेणार? रविवारी सभा बोलावली आहे. निवेदनाचा मसुदा आजच तयार केला. जिल्हा परिषदेत तेहेतीस वर्षं दुसऱ्यांचे मसुदे दुरुस्त केले, आपला कशाला चुकतो!

७ जानेवारी

मसुदा सुभद्रेला वाचून दाखवला. ती तुरीच्या शेंगा सोलत होती. "चांगला हाये," म्हणाली. ऐकला की नाही कोण जाणे.

१२ जानेवारी, रविवार

जेवण बाजूला ठेवून लिहायला बसलो आहे.

मारुतीच्या ओट्यावर सभा. साठेक माणसं. सुरुवात माझ्या मनासारखी झाली. शेजारच्या गोदाबाई उठल्या— "आमच्या घरी सात माणसं हायेत बावा. चार चार दिवस प्लास्टिकच्या पन्न्या घरात ठिवू काय?" कुलदीप, म्हणजे आमच्या लाइनीतला कोचिंगवाला आणि व्हॉट्सअॅप ग्रुपचा अॅडमिन, म्हणाला की पुण्यात अशीच पद्धत आहे. गोदाबाई म्हणाल्या, "मंग पुण्यालेच ऱ्हाय न!" लोक हसले. धर्मपाल बिचारा कागद चाळत बसला. हीच वेळ होती. मी उठलो, चष्मा लावला आणि वाचायला लागलो.

पहिला परिच्छेद व्हायचा होता. मागून आवाज आला— "मी एक गोष्ट सांगू काय?"

आमची सुभद्रा! छत्तीस वर्षांच्या संसारात चार माणसांत तोंड उघडलं नाही ती! पदर सारखा केला आणि बोलायला लागली. "वल्ला कचरा गाडीत द्याचाच कायले? आपल्या ओपन स्पेसात खड्डा करू. माह्या माहेरी अंजनगावाले घरामांगं उकिरडा होता. वर्षभर भरे आन् उन्हाळ्यात अखजीच्या सनाआंधी वावरात जाये. कोनी गाडी नाई बोलावली कधी. वास बी नाई. एक थर कचरा, एक थर पाला, वरून माती. एवढंच तं हाये."

कुलदीपने टाळी वाजवली, मग सगळ्यांनी. धर्मपाल खुर्चीवरून उठून म्हणाला, "ताई, लाखातली गोष्ट बोलल्या!"

मी चष्मा लावून, कागद धरून तसाच उभा. कोणी म्हणालं नाही की काका, पुढचं वाचा.

घरी येताना विचारलं, "बोलाचं होतं तं मले आंधी सांगाले काय झालं होतं?"

"मलेच कुठी माईत होतं!" ती म्हणाली. आणि हसली. मला त्या हसण्याचाच राग आला.

१३ जानेवारी

निवेदनावर बासष्ट घरांपैकी नऊ सह्या. त्यातली एक माझी.

१९ जानेवारी, रविवार

खड्डा खणला. आठ फूट लांब, चार फूट रुंद, कंबरभर खोल. कोचिंगची पोरं, दोन निवृत्त मास्तर, बायका— सगळी ओपन स्पेसमध्ये. सुभद्रा काठावर उभी राहून हुकूम सोडते आहे. "तिकून नाई, इकून उतार द्या." आणि लोक ऐकतात! मी अकरा वर्षं सांगतो आहे की ओपन स्पेसमध्ये मोटारसायकली लावू नका, एकाने ऐकलं नाही.

धर्मपाल सुट्टीच्या दिवशी आला. त्याला आलं घातलेला चहा. मला बिनआल्याचा. विचारलं तर म्हणते, "तुमाले पित्त होते न."

पित्त तर झालंच.

२३ जानेवारी

आज संक्रांतीचं हळदीकुंकू. दर वर्षी पंधरावीस बायका येतात, यंदा बेचाळीस. मी आतल्या खोलीत कोंडून. वाण काय वाटावं? झाकणाचा हिरवा डबा, ओल्या कचऱ्याचा! तिळगुळासोबत डबा! मी म्हणालो होतो, लोक नावं ठेवतील. कुठलं काय. दाराच्या फटीतून पाहिलं तर बायका डबे छातीशी धरून फोटो काढत होत्या.

गोदाबाईही फितूर झाल्या. "सुभद्रे, तू म्हनशीन तथी टाकीन माह्या घरचा वल्ला." दहा दिवसांपूर्वी याच बाई माझ्या बाजूने भांडत होत्या! नऊ सह्यांतली एक त्यांची होती. आता आठ धरायच्या.

२६ जानेवारी, रविवार

आजचं लिहावं की नाही?

अकरा वर्षं ओपन स्पेसमधला झेंडा मी फडकवतो. काल कोट इस्त्री करून ठेवला होता. सकाळी साडेसातला कुलदीप माइकवर म्हणाला, "यंदा ध्वजारोहण आपल्या सर्वांच्या लाडक्या सुभद्राताईंच्या हस्ते!" मग माझ्याकडे वळून, "खारोडेकाका, तुमची काही हरकत नाही न?"

माइक चालू, सत्तर माणसं बघत. काय म्हणणार? "हरकत कायची, आनंद हाये."

तिने माझ्याकडे पाहिलं. मान हलवून नाही नाही म्हणत होती, पण बायकांनी ओढून नेलं. तिला दोरीची गाठ सुटेना. मला ती गाठ डोळे झाकून सुटते. मी जागचा हललो नाही. शेवटी धर्मपालने सोडवली.

राष्ट्रगीताच्या वेळी माझ्या मनात जे चाललं होतं ते सावधान उभ्या माणसाच्या मनात चालू नये.

२७ जानेवारी

तिच्याशी बोललो नाही. तिने दोनदा जेवायला हाक मारली. तिसऱ्यांदा ताट आणून ठेवलं.

२ फेब्रुवारी, रविवार

अकोला. जुईलीच्या अपार्टमेंटमधल्या बायकांनी सुभद्रेला बोलावलं होतं— कचऱ्याचं सांगायला. आपलीच पोरगी, नाही कसं म्हणणार? बडनेऱ्याहून सकाळची गाडी धरली. पिशवीत खड्ड्यातलं अर्धवट कुजलेलं खत, नमुना म्हणून. पिशवी कोणी धरली? मी.

पार्किंगमध्ये खुर्च्या मांडलेल्या. माझी खुर्ची शेवटच्या रांगेत, लिफ्टजवळ. एका बाईने ओळख करून दिली, "आणि हे सुभद्राकाकूंचे मिस्टर." तेहेतीस वर्षांची नोकरी, कार्यालयीन अधीक्षक म्हणून निवृत्त, आणि आता मिस्टर!

सुभद्रा बोलली. तेच— थर, पाला, माती. पण काय बोलली! एकीने विचारलं, अळ्या झाल्या तर? ती म्हणाली, "झाल्या तं झाल्या. त्या काई तुमच्या सोफ्यावर बसाले येत नाईत." बायका हसून हसून लोळायच्या बाकी. मला निरोप समारंभात भाषण करायचं तर आठ दिवस तयारी लागायची, आणि तरी समोरचे घड्याळ बघायचे.

जुईली सारखी म्हणते, "बाबा, आईचे फोटो काढा न." काढले. एकसष्ट. एकातही मी नाही.

परतीच्या गाडीत ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली. मी खिडकीबाहेर पाहत होतो. मूर्तिजापूर गेलं तेव्हा मनाशी कबूल केलं, ते इथेही लिहितो. दुसरं कोणी वाचत नाही. मला तिचा हेवा वाटतो. स्वतःच्या बायकोचा. दुसऱ्या पुरुषाकडे गेली असती तर निदान चार माणसांनी माझी बाजू घेतली असती!

५ फेब्रुवारी, बुधवार

केलं.

बडनेऱ्याला गेलो. तिथे ओळखीचं कोणी भेटत नाही. एका टायपिंगच्या दुकानात बसून मजकूर सांगितला. विषय: शिवपार्वती लेआउट येथील खुल्या जागेतील खड्ड्यामुळे पसरलेल्या दुर्गंधीबाबत. उपरोक्त विषयास अनुसरून— इत्यादी. 'सदर खड्ड्यास जबाबदार व्यक्ती केवळ प्रसिद्धीच्या हव्यासापोटी नागरिकांच्या आरोग्याशी खेळत आहे. तरी संबंधिताकडून लेखी खुलासा मागवून कारवाई करावी व खड्डा तात्काळ बुजवावा.' खाली, एक त्रस्त नागरिक. प्रत माहितीस्तव आयुक्तांना. तिथेच पोस्टात टाकलं.

सुभद्रेचं नाव कुठेही घातलं नाही. तेवढी माणुसकी आहे.

मसुदा असा उतरला की कोणाला तरी वाचून दाखवावासा वाटत होता. पण ऐकणारी घरात एकच.

६ फेब्रुवारी

बऱ्याच दिवसांनी जेवण गोड लागलं. दोन भाकरी जास्त खाल्ल्या. "आज तब्येत बरी दिसते," ती म्हणाली आणि वाटीत आणखी तूप ओतलं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

धर्मपाल आला. तोंड उतरलेलं. तक्रार वरून आली आहे, चौकशी होईपर्यंत खड्ड्यात काही टाकायचं नाही, अहवाल विरुद्ध गेला तर बुजवावा लागेल.

सुभद्रा हातात फावडं घेऊन उभी होती. "कोनं केली?"

"नाव नाई ताई. पन लिवनारा पक्का हाये. एक शब्द इकडचा तिकडं नाई."

हे ऐकून मला काय वाटावं? लाज वाटली. आणि खोटं कशाला लिहू, बरंही वाटलं.

ती म्हणाली, "ज्याले तरास होत असन त्याले मले भेटू द्या. मी त्याच्या घरी जाऊन पाय धरीन. पन भरला खड्डा बुजवू नका भाऊ. खाली जीव लागले हायेत आता." मूठभर खत काढून दाखवलं. गांडुळं होती. मी बाजूलाच उभा होतो, तिच्या हाताएवढ्या अंतरावर.

वास येत नाही. सकाळी फिरायला जातो तेव्हा वाकून वाकून हुंगतो. ओल्या मातीसारखा येतो, बस.

१३ फेब्रुवारी

न राहवून झोन ऑफिसात गेलो. खिडकीवरच्या बाबूला सहज विचारल्यासारखं विचारलं, समजा एखाद्याला तक्रार मागे घ्यायची असेल तर?

"तक्रारदारानं स्वतः यावं. नाव आणि सही."

"आणि निनावी असेल तर?"

"मग कोण मागे घेणार काका?"

मलाच नियम माहीत नव्हता होय! हेच उत्तर मी तेहेतीस वर्षं खिडकीच्या आतून दिलं.

नाव सांगावं, असं आलं होतं ओठांवर. मागे रांगेत आमच्या लेआउटचा एक जण दिसला. अर्ज लिहायचा कागद घेतला आणि घडी करून खिशात घातला.

१६ फेब्रुवारी, रविवार

ती रोज सकाळी खड्ड्याकडे जाते, टाकत काही नाही. वरून पाणी शिंपडते आणि उभी राहते. गोदाबाईंनी ओला डबा पुन्हा घंटागाडीत दिला. अकोल्याच्या बायकांनी जुईलीला कळवलं, तिकडचा निकाल लागू द्या, मग आम्ही खणू. जुईलीने फोन केला तर ही म्हणते, "मी बरी हाये." चार दिवसांपासून अर्धी भाकरी खाते आहे.

आज माझ्याजवळ येऊन बसली. "तुमी एक कागद लिवून द्या न खड्ड्यासाठी. तुमच्यासारखं कोनाले येत नाई."

अख्ख्या लेआउटात तिला अजून माझंच लिहिणं मोठं वाटतं! महिनाभर जे ऐकायला तडफडलो ते ती म्हणाली, आणि मी नीट खूशही होऊ शकलो नाही.

"पाहतो," म्हणालो. तीन वेळा बसलो. दर वेळी हात 'उपरोक्त विषयास अनुसरून' असंच लिहितो. शेजारी ठेवले तर आंधळ्यालाही कळेल की दोन्ही कागद एकाच माणसाचे आहेत.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

धर्मपाल नोटीस घेऊन आला. लेखी खुलासा सात दिवसांत. 'प्रति, श्री. मोतीराम खारोडे, सदर खड्ड्यास जबाबदार व्यक्ती.'

मी म्हणालो, नावात चूक झाली. धर्मपाल म्हणाला, "नाई काका. खड्ड्याच्या परवानगीच्या फॉर्मवर तुमचं नाव ताईनंच लिवाले लावलं होतं. म्हने, अध्यक्ष ते हायेत, माहं नाव कायले, जे काई चांगलं होईन ते त्यायच्या नावानं होऊ द्या."

तो गेल्यावर सुभद्रेने माझ्या हातातून कागद घेतला. शेजारी बसली, पाठीवरून हात फिरवला. "घाबरू नका. खड्डा माहा हाये म्हून मीच सांगीन साहेबाले." मग कागदाची घडी घातली आणि म्हणाली, "तुमच्यावर कोन जळत असन हो एवढं?"